पाचशेच्या नकाशावर आठ दिवस

"सर, पण दाब कमी कुठे आहे?"

"रेघ खाली लोंबली की ट्रफ, वर उचलली की रिज. एवढं लक्षात ठेवा."

हवामानाचे नकाशे वाचायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गाची फी भरून मिळालेलं हे उत्तर मला अजून डाचतं.

जमिनीलगतचा नकाशा एका संध्याकाळी जमला. घोडं अडलं ते वरच्या हवेच्या, ५०० हेक्टोपास्कलच्या नकाशावर. हेक्टोपास्कल हे दाबाचं माप. रेघांवर ५७६, ५८२, ५८८ असे आकडे, ते मी दाबाचे समजून बसलो. मग नाव ५००चं आणि रेघेवर ५८८ कसे? राजवाड्याजवळून झेरॉक्स काढून आणली, मुलीच्या लाल पेन्सिलीनं रेघा गिरवल्या, कागद दोन ठिकाणी फाटला. आठ दिवस हेच. "अहो, पोहे गार झाले, आभाळ नंतर बघा," हे रोजचं.

शेवटी आकड्यावर एक शून्य चढवलं आणि डोक्यात उजेड पडला. ५८८ म्हणजे ५,८८० मीटर! अख्ख्या कागदावर दाब एकच, ५००. आकडे सांगतात तो दाब किती उंचीवर सापडतो ते. गरम हवा फुगते, तो दाब उंच जातो; थंड हवा आक्रसते, तो खाली बसतो. उत्तरेची थंड हवा दक्षिणेला उतरली की कमी उंचीच्या रेघा तिच्याबरोबर झोळीसारख्या लोंबतात. झाला ट्रफ! दोन मिनिटांचं काम होतं हो सर.

आकडे पुसट असतील तर वाऱ्याच्या काड्या बघा. काडी ज्या दिशेला, तिकडून वारा; तिच्यावरच्या खुणा म्हणजे वेग: छोटी रेघ ५ नॉट, मोठी १०, त्रिकोण ५०. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर नैर्ऋत्येचा वारा असेल तर ट्रफ अजून पश्चिमेला आहे. वायव्येचा झाला की गेला पुढे. ढग धरतात ते ट्रफच्या पूर्वेला, तिथे हवा वर चढते. पूर्वेच्या वाऱ्यांत मात्र झोळी उलटी, ट्रफ उत्तरेला फुगतो.

हो, आणि नकाशावरची वेळ ०० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे शून्य वाजले, की आपले पहाटेचे साडेपाच. मी दोन दिवस मध्यरात्र धरून चाललो होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी भोपाळच्या ठिपक्यावर नैर्ऋत्येची काडी दिसली, पश्चिमेला झोळी. देपालपूरला मेहुण्याला फोन केला, कापलेला हरभरा झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, आलाच.

"दाजी, टीव्हीवरही सांगत होते," मेहुणा म्हणाला.

सांगत असतील.