ओसरीची पायरी

ऋषिपंचमी, रात्रीचे साडेदहा. महाल, नागपूर.

सकाळी आईंनी आघाड्याच्या काडीनं दात घासले, न्हाणं उरकलं आणि पाटावर बसून कहाणी वाचली. पाळीत घरभर वावरली म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली, तिचा नवरा बैल. मुलानं हे व्रत केलं तेव्हा दोघं सुटले. मी अळू चिरत ऐकत होते. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, म्हणून अळू, लाल भोपळा, कणसं. भाजी मला फार आवडते. कहाणी आता ऐकवत नाही.

जाऊबाईंचा फोन आला. "मेडिकलमधून गोळ्या आणून ठेव गं, पोरीची तारीख नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी येते." पोर सोळा वर्षांची. दुकानात कुणी वय विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. मी स्वतः कितीतरी वर्षं घेतल्या आहेत. पुरणाचा घाणा घालताना मळमळायचं, आणि पुढच्या पाळीत इतकं जायचं की उठवत नसे.

दुपारी आमच्याकडे भजन होतं. बायकांनी सोयराबाईंचा अभंग घेतला:

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥

गल्लीतली नवी सून 'बाहेरची' होती. ती ओसरीच्या पायरीवर बसून तिथूनच टाळ्या वाजवत होती, ठेका अजिबात न चुकता. मला पुढचं गाता येईना.

सोयराबाई १४व्या शतकातल्या, चोखोबांच्या पत्नी, जातीनं महार. विठ्ठलाच्या दारात त्यांना विटाळ म्हणून अडवलं जायचं आणि पाळीतल्या बाईलाही तोच शब्द. दोन्हीकडून तो सोसलेली ही बाई विचारते की विटाळावाचून जगात कोणता देह घडला? इतकं थेट आजही आमच्या घरात कुणी बोलत नाही. गडचिरोलीच्या कुर्माघरांबद्दल, म्हणजे पाळीतल्या बायकांना वेगळं ठेवायच्या झोपड्यांबद्दल, मात्र आम्ही हळहळतो. आमच्या वाड्यात मागे न्हाणीजवळची खोली होती. आजेसासूबाई दर महिन्याला चार दिवस तिथंच असायच्या, असं आईच सांगतात.

चहा द्यायला गेले तेव्हा सुनेनं कपासाठी हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला, "खाली ठेवा काकू." मी तिच्या हातात दिला. आईंनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

गोळ्या आज रात्रीपासून सुरू करायच्या होत्या. जाऊबाईंचे दोन मिस्ड कॉल आहेत. पाकीट अजून माझ्या पर्समध्येच. त्या पोरीला कुणी विचारलेलंच नाही, मीसुद्धा. उद्या ती क्लासहून इकडे येईल, तेव्हा आधी तिला विचारते.