स्क्रीन बदलण्याआधी केबल तपासावी

लॅपटॉपची स्क्रीन मधूनच काळी पडू लागली, तिच्यावर रेघा उमटू लागल्या किंवा चित्र थरथरू लागले, की ‘डिस्प्ले गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि दुकानातही बहुधा थेट नव्या पॅनेलचाच भाव सांगितला जातो. वास्तविक चित्र आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचण्यात मदरबोर्डवरील ग्राफिक्सची चिप, तिथून बिजागरीमार्गे झाकणात जाणारी केबल, चित्र उमटवणारे पॅनेल आणि पॅनेलला मागून उजेड देणारा बॅकलाइट या चौघांचा वाटा असतो. यांतला नेमका कोणता भाग बिघडला आहे, हे एकही स्क्रू न काढता बऱ्याच अंशी ठरवता येते. हा तपास आधी पूर्ण करावा आणि मगच पेचकस हाती घ्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण या चौघांत केबल बरीच स्वस्त असते आणि तीच पुष्कळदा नादुरुस्त निघते.

माझ्या भाचीच्या १५.६ इंची लॅपटॉपच्या बाबतीत हेच झाले. झाकण एका ठरावीक कोनापलीकडे उघडले की चित्र नाहीसे होई आणि झाकण थोडे पुढे घेतले की ते परत येई. तिने ज्या दुरुस्ती केंद्रात लॅपटॉप दाखवला, तिथे तो न उघडताच पॅनेल बदलावे लागेल असे सांगण्यात आले. परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थिनीला हा खर्च लहान नव्हता. दोष झाकणाच्या कोनाप्रमाणे बदलत असेल तर संशय सर्वप्रथम बिजागरीतल्या केबलवर घ्यावा, म्हणून मी तो लॅपटॉप घरी ठेवून घेतला.

तपासाची पहिली पायरी म्हणजे एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडणे. तिथेही रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर दोष ग्राफिक्सच्या चिपमध्ये किंवा तिला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये आहे, आणि मग झाकण खोलण्यात काही अर्थ नाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर लॅपटॉप पुन्हा सुरू करून बायोसच्या पडद्यावर जावे. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या या पडद्यावरही दोष दिसत असेल, तर तो सॉफ्टवेअरचा नाही हे नक्की होते. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘डी’ ही कळ दाबून धरून पॉवरचे बटण दाबले की पॅनेलची स्वतःची चाचणी सुरू होते आणि स्क्रीन एकेका सपाट रंगाने भरत जाते.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलची विजेरी काचेवर तिरपी धरून बारकाईने पाहावे. अस्पष्ट का होईना, पण खिडक्या आणि अक्षरे दिसली तर पॅनेल चित्र तयार करत आहे, फक्त त्यामागचा प्रकाश बंद आहे, असा त्याचा अर्थ होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हा प्रकाश पाऱ्याची वाफ असलेल्या बारीक नळीतून येई आणि तिला काहीशे व्होल्ट पुरवणारी इन्व्हर्टरची वेगळी पट्टी झाकणात असे. आताच्या पॅनेलमध्ये खालच्या कडेला एलईडींची ओळ असते आणि त्यांना चालवणारी चिप पॅनेलच्याच सर्किटवर बसवलेली असते. वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ कायम दिसत असेल आणि झाकण हलवूनही ती जागची ढळत नसेल, तर बहुतेक वेळा काचेच्या कडेला चिकटवलेल्या, पॅनेलचे बिंदू चालवणाऱ्या चिपच्या पातळ पट्टीचा सांधा सुटलेला असतो. तो घरी जोडता येत नाही, तिथे पॅनेलच बदलावे लागते. काच तडकून शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर कोणत्याही चाचणीची गरज नाही.

आमच्या लॅपटॉपचे चित्र टीव्हीवर निर्दोष होते, बायोसमध्ये मात्र दोष दिसत होता, आणि झाकण सावकाश मागेपुढे केले असता चित्र दर वेळी त्याच कोनावर जात होते. निदानासाठी एवढे पुरेसे होते.

ही केबल इतकी नाजूक का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. डिस्प्लेची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने २००८ मध्ये मदरबोर्डवरून पॅनेलपर्यंत चित्र नेण्याचे ईडीपी हे मानक आणले, आणि २०१० च्या डिसेंबरात मोठ्या चिप आणि संगणक कंपन्यांनी जुनी एलव्हीडीएस पद्धत टप्प्याटप्प्याने सोडण्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये साधारणपणे ईडीपीच आढळते. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर दर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट या केबलमधून जावे लागतात. त्यासाठी केसाइतक्या बारीक तारांच्या जोड्या वापरलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती धातूचे आवरण असते. याच केबलमधून पॅनेलच्या सर्किटला ३.३ व्होल्ट आणि बॅकलाइटला त्याहून बराच जास्त दाब पुरवला जातो. झाकण दर वेळी उघडताना आणि मिटताना हा सगळा जुडगा बिजागरीपाशी पिळला जातो आणि काही वर्षांत एखादी तार आतल्या आत तुटते. तुटलेली तार चित्राची असेल तर रेघा किंवा थरथर दिसते आणि प्रकाशाची असेल तर स्क्रीन अंधारते.

नवी केबल मागवण्याआधी जुनी पाहणे अपरिहार्य असते, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये ३० आणि ४० पिनांच्या निरनिराळ्या केबली असू शकतात. टचस्क्रीन किंवा १४४ हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारे पॅनेल असेल तर बहुधा ४० पिना असतात. केबलवरच्या छोट्या लेबलवर भाग क्रमांक छापलेला असतो. तो मोबाइलने टिपून घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करावी, किंवा ऑनलाइन शोधावा. दुकानदाराला लॅपटॉपचे नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक दाखवावा. पॅनेलच बदलायचे असेल तरीही हेच लागू आहे, कारण त्याच्या मागच्या लेबलवरचा क्रमांक पुष्कळ माहिती देतो. ‘बी१५६’ने सुरू होणारा क्रमांक एयूओ कंपनीचा, ‘एनव्ही१५६’ बीओईचा आणि ‘एलपी१५६’ एलजी डिस्प्लेचा असतो, आणि यांतल्या १५६ चा अर्थ १५.६ इंच. कंपनी वेगळी असली तरी चालते. मात्र पिनांची संख्या, कनेक्टरची जागा, रिझोल्यूशन आणि स्क्रू लावण्याचे कान या चार गोष्टी जुळल्याच पाहिजेत.

आता प्रत्यक्ष काम. लेनोवो, डेल आणि एचपी या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांची देखभाल पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात, तिच्यात कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा याची चित्रे असतात. ती समोर ठेवूनच सुरुवात करावी. चार्जर काढून, खालचे झाकण उघडून, सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर सोडवावा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. या पायरीला पर्याय नाही. बॅटरी जोडलेली असताना स्क्रीनची केबल तिरपी बसली, तर बॅकलाइटच्या दाबाची पिन शेजारच्या पिनेला टेकून मदरबोर्डवरचा तांदळाच्या दाण्याहूनही लहान फ्यूज जळतो. मग नवे पॅनेल लावूनही प्रकाश येत नाही आणि दोष शोधणे अवघड होऊन बसते. बॅटरी फुगलेली आढळली तर काम तिथेच थांबवून ती आधी बदलून घ्यावी.

स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट, म्हणजे बेझल, खाचांवर अडकवलेली असते. काही लॅपटॉपमध्ये तिच्या कोपऱ्यांत रबरी टोप्यांखाली स्क्रूही असतात, ते आधी काढावेत. त्यानंतर जुने प्लास्टिकचे कार्ड वरच्या बाजूने चौकट आणि काच यांच्यामध्ये न घालता, चौकट आणि मागचे झाकण यांच्यामध्ये घालावे. काचेच्या बाजूने जोर दिला की पॅनेलला तडा जातो. पॅनेल जुन्या रचनेत स्क्रूंवर बसवलेले असते, नव्या रचनेत मात्र त्यामागे ताणून काढायच्या दोन चिकटपट्ट्या असतात. त्यांचे टोक चिमट्याने पकडून झाकणाला समांतर, अगदी सावकाश ओढावे. घाईने ओढली की पट्टी मध्येच तुटते आणि पॅनेल उचकटून काढण्याची वेळ येते.

पॅनेल कीबोर्डवर मऊ कापड पसरून त्यावर पालथे घातले की खालच्या कडेला कनेक्टर दिसतो. सगळ्या कामात अधिक जपून हात लावण्याची जागा हीच. कनेक्टरवर पारदर्शक चिकटपट्टी असते, ती सोलून काढल्यावर खाली तारेची एक बारीक कडी लागते. ही कडी नखाने उचलून मागे वळवावी आणि मग केबलचे डोके पॅनेलच्या पृष्ठभागाला समांतर, सरळ मागे सरकवावे. ते वर उचलले तर पिना वाकतात. नवी केबल बसवतानाही दोन्ही बाजू सारख्या आत गेल्या आहेत का, हे भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे आणि मगच कडी परत पुढे आणून पट्टी चिकटवावी.

भाचीच्या लॅपटॉपमधून निघालेली केबल उजेडात धरली तेव्हा बिजागरीच्या वळणावर काळ्या कापडी पट्टीखाली धातूचे आवरण फाटलेले आणि दोन तारा सुट्या झालेल्या स्पष्ट दिसल्या. पॅनेलमध्ये कोणताही दोष नव्हता. विद्यार्थ्यांना आणि लहान व्यावसायिकांना असे न तपासता मोठे खर्च सांगितले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. सुटे भाग आणि पुस्तिका ग्राहकाच्या हाती येणे किती गरजेचे आहे, ते अशा एका केबलवरूनही कळते. पुढच्या वेळी दोष ओळखता यावा म्हणून भाचीला मी तुटलेल्या तारा दाखवल्या आणि नवी केबल तिच्याच हाताने बसवून घेतली.

केबल बसवून झाल्यावर चौकट लगेच लावू नये. बॅटरी जोडून लॅपटॉप सुरू करावा आणि झाकण पूर्ण मिटण्यापासून पूर्ण उघडण्यापर्यंत सावकाश फिरवून पाहावे. चित्र कोणत्याही कोनावर हलले नाही, की लॅपटॉप बंद करून बॅटरी पुन्हा सोडवावी आणि केबल मूळच्याच खाचांतून, बिजागरीपाशी थोडी सैल राहील अशी बसवावी. ती तिथे ताणलेली राहिली तर नवी केबलही लवकर तुटते. बिजागरी घट्ट झाली असेल तर तिचा नट किंचित सैल करावा, कारण झाकण जड उघडत असेल तर ताण प्लास्टिकच्या आट्यांवर येतो आणि ते उखडतात. ज्या लॅपटॉपमध्ये काच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेले असतात, तिथे हे काम घरी करू नये. उष्णता देऊन गोंद सोडवण्याची साधने आणि सवय असलेल्या कारागिराकडे तो द्यावा, पण देताना टीव्हीवरच्या आणि विजेरीच्या चाचणीत काय दिसले ते त्याला सांगावे आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा.