शिबिरात दात मोजले, पुढे काय?

शाळेतलं दंत तपासणी शिबिर बहुतेक एकाच साच्यातलं असतं. मुलं रांगेत येतात, 'आ कर' म्हटलं जातं, बॅटरीचा झोत तोंडात पडतो, कार्डावर किडलेल्या दातांचा आकडा चढतो. जाताना हातात एक ब्रश आणि पेस्टची चिमुकली ट्यूब. मग फोटो. वर्षभराने तीच मुलं पुन्हा तपासली तर आकडा खाली आलेला सहसा दिसत नाही, आणि यावा तरी का? मोजल्याने कीड थांबत नाही.

ती कशाने थांबते हे एकदा नीट कळलं की पैसे कुठे घालायचे हेही कळतं. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ हळूहळू आम्ल मारते आणि ही खनिजं परत बसवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड तोंडात गेलं की घड्याळ पहिल्यापासून सुरू. म्हणून साखर किती खाल्ली याइतकंच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. फ्लोराइड दातापाशी असेल तर खनिजं लवकर बसतात आणि आधीपेक्षा टणक बसतात. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने घासलं तर हिरड्यांचं भलं होतं. किडीच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

तेव्हा घरी न्यायला दिलेल्या ब्रशपेक्षा बालवाडीत रोज, सगळ्यांनी मिळून केलेला ब्रश कितीतरी कामाचा. मुलांना घासताना नळ किंवा बेसिनही लागत नाही; पाणी लागतं ते शेवटी ब्रश धुवायला. पेस्ट किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची हवी. आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, शोधून वाचायचा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पट्टी दिसते, ती विसरायची. लहान मुलं पेस्ट गिळतात आणि जास्तीचं फ्लोराइड जबड्यात तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरे डाग पाडतं. पिण्याच्या पाण्यातच लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल, तर आधी तो प्रश्न सोडवायला हवा.

ट्यूबचं तोंड ब्रशला टेकवायचं नाही. स्वच्छ कागदावर प्रत्येकाचा वेगळा ठिपका, तो ज्याने त्याने आपल्या ब्रशने उचलायचा. ब्रशवर नावाऐवजी चित्र काढलं तर वाचता न येणारी मुलंही आपला ब्रश बरोबर ओळखतात. बसून दोन मिनिटं घासायचं. तोंडात ब्रश धरून पळणारं मूल पडलं तर टाळूला जखम होते. मग कागदी रुमालात थुंकायचं आणि चूळ भरायची नाही. मोठ्यांना पटत नाही ते नेमकं हेच, पण चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. ब्रश एकेक करून वाहत्या पाण्याखाली धुवायचे. सगळे एका टबात बुडवले तर एकाची लाळ सर्वांना. ठेवताना उभे, उघड्यावर, एकमेकांना न लागता.

हिशेबही सोपा आहे. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. ३० मुलं, २०० दिवस: दीड किलो. सांडलवंड धरून १०० ग्रॅमच्या अठरा-वीस ट्यूब आणि दर तीन महिन्यांनी नवे ब्रश. उपक्रम बंद पडतो तो बहुधा पेस्ट संपते आणि मागणी वेळेवर जात नाही म्हणून. स्कॉटलंडमधला 'चाइल्डस्माइल' कार्यक्रम याच धर्तीवर चालतो. तिथे लहान मुलांच्या दातांच्या उपचारांत वाचलेला खर्च ब्रशिंगवरच्या खर्चापेक्षा जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ते उगाच नाही.

साखरेचं काम मात्र बालवाडीच्या हातात फारसं नाही. ३३० मिलिलिटरच्या गोड शीतपेयात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. ब्रिटनने २०१८ मध्ये १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपासून पुढे साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला, तेव्हा अनेक कंपन्यांनी पेयातली साखरच त्या रेषेखाली आणली. कुणाला उपदेश करावा लागला नाही. एक बारीक गोष्ट सगळेच विसरतात: रोज रात्री घ्यायची गोड सिरपं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ती साखर दातांवर तशीच राहते. बिनसाखरेचं औषध मिळतं का, हे विचारायलाच हवं.

मोठ्यांचं तोंड दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी पाहायला हवं. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात, म्हणून मधुमेहाच्या तपासणीतच 'ब्रश करताना रक्त येतं का?' हा प्रश्न बसतो. तंबाखू ओढणाऱ्यांचं 'नाही' हे उत्तर मात्र प्रमाण मानू नये. धूम्रपानाने हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम पुढे पाठवायचीच.

आणि शिबिर घ्यायचंच असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलांचं घ्यावं. या वयात दुधाच्या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात. तिच्या खाचा ब्रशच्या केसाहून अरुंद असतात. त्या सीलंटने, म्हणजे दातावर घट्ट बसणाऱ्या पातळ लेपाने, बुजवायच्या. दाढ स्वच्छ करून कापसाने कोरडी ठेवायची, सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद लावायची, धुवायची, खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत सुकवायची, सीलंट भरून दिव्याने पक्कं करायचं. सुकवल्यावर जीभ किंवा लाळ लागली तर आम्लापासून पुन्हा सुरुवात. बहुतेक सीलंट निघतात ते इथेच झालेल्या आळसामुळे. अर्धवट उगवलेली दाढ कोरडी राहतच नसेल, तर ग्लास आयोनोमर (थोड्या ओलाव्यातही चिकटणारं दंत-सिमेंट) व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून बसवायचं. शेवटी प्रोबच्या, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईच्या, टोकाने कडा ओढून बघायची. वर्षभराने त्याच मुलांच्या त्याच दाढा पुन्हा पाहायच्या आणि निघालेलं सीलंट त्याच बैठकीत भरायचं.