उजव्या पायाची नखे

बहात्तर वर्षांचे ते निवृत्त शिक्षक माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येऊ लागले, तेव्हा त्यांच्या हातात उजव्या गुडघ्याचा एक्स-रे होता आणि गुडघ्याची झीज त्यात दिसतही होती. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या प्रतवारीत ती दुसऱ्या पायरीची, म्हणजे त्या वयाला फारशी विशेष नव्हती. तरीही सहा आठवडे मी त्यांच्याकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतले. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही आणि दुखणेही तसूभर कमी झाले नाही.

त्या दिवशी ते अनवाणी पायांनी टेबलावर बसले असताना माझे लक्ष नखांकडे गेले. डाव्या पायाची नीट कापलेली होती, उजव्या पायाची मात्र वाढून वळली होती. विचारल्यावर ते ओशाळून म्हणाले, "तिथवर हात पोहोचत नाही हो." गुडघा तर चांगला वाकत होता. मग अडत होते कुठे?

त्यांना उताणे झोपवून, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून मी मांडी आतल्या बाजूला फिरवून पाहिली. डावीकडे सहज होणारी ती हालचाल उजवीकडे जवळजवळ नव्हतीच. "हेच ते दुखणे!" असे म्हणत ते कळवळले, पण त्यांचा हात गेला तो गुडघ्यावरच.

ऑब्च्युरेटर नसेच्या शाखा खुब्यालाही जातात आणि गुडघ्यालाही, त्यामुळे खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. शिकत असताना हे मला तोंडपाठ होते. हातात एक्स-रे नसता तर कदाचित वेळेवर आठवलेही असते. झिजते ती कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, आणि तिच्यात मुळात नसा नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि वेष्टन, म्हणून फिल्ममधली झीज आणि रुग्णाची वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही.

खुब्याच्या एक्स-रेमध्ये सांध्याची फट जवळपास मिटलेली होती आणि हाडाच्या कडांना कंगोरे आले होते. मी त्यांची माफी मागितली, खुब्याभोवतालच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले आणि इतके दिवस ते उजव्या हातात धरत असलेली काठी डाव्या हातात दिली, कारण विरुद्ध हातातली काठीच दुखऱ्या खुब्यावरचा भार हलका करते. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधाबदलाचा पर्याय समजावून सांगितला आहे. त्यांनी अजून ठरवलेले नाही. तीन महिन्यांनी चालणे पुष्कळ सुधारले असले, तरी उजव्या पायाची नखे सध्या त्यांची मुलगीच कापते.