सगळे दिवे एकदम

मंगळवारी अकरावीची प्रॅक्टिकलची बॅच होती. लॅबमधली वीसही मशीन सुरू झाली, पण नेट एकावरही नाही. नेटवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "सर, लाइन चालू आहे, बिघाड तुमच्याकडेच आहे."

मुलं दप्तरं आवरायला लागली. म्हटलं, थांबा, आजचं प्रॅक्टिकल हेच.

आधी १२७.०.०.१ ला पिंग करायला लावलं, म्हणजे त्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघायचं. हा मशीनचा स्वतःचाच पत्ता. उत्तर आलं, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर ठीक. मग आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनला मिळालेला पत्ता दाखवणारी आज्ञा. एरवी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आज सगळीकडे १६९.२५४ ने सुरू होत होता. राउटरकडे पत्ता मागून उत्तर मिळालं नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेतं. म्हणजे हाक मारली होती, ती पोचली नव्हती.

तेवढ्यात स्विचपाशी, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटच्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यापाशी, उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हे सगळे दिवे एकदमच लुकलुकतायत."

बघितलं, तर चोवीसही पोर्टचे (वायर खोचायच्या खाचांचे) हिरवे दिवे एका तालात, इतके भराभर की डोळ्यांना स्थिरच वाटावेत. एरवी ज्याचं त्याचं काम चालेल तसा एकेक दिवा लुकलुकतो. आम्ही एकेक वायर बोटाने चाचपत गेलो. पिवळ्या वायरचं एक टोक सातव्या पोर्टात होतं आणि दुसरं त्याच स्विचच्या एकोणिसाव्यात. आदल्या संध्याकाळी झाडताना मामांनी ती खोचली होती. "लोंबत होती, सर," ते कसनुसे होऊन म्हणाले. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

वायर उपसली, मशीन रीस्टार्ट केली, पिंगची उत्तरं यायला लागली. उत्तराच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'टीटीएल=६४' दिसतं. एकाने विचारलं, हे काय? माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच. पत्ता मागणारी हाक सगळ्यांसाठी असते, म्हणून स्विच ती आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. सातव्यातून निघालेली हाक एकोणिसाव्यातून परत आत येते, पुन्हा सगळीकडे जाते, आणि थांबतच नाही. टीटीएल म्हणजे पॅकेटचं, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाचं, आयुष्य. प्रत्येक राउटर ते एकाने कमी करतो, शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. पण साधा स्विच पाकीट उघडतच नाही, वरचा पत्ता बघून पुढे ढकलतो, म्हणून तिथे हे आयुष्य कमीच होत नाही. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला: स्विच आपसात ठरवून जादा वाट बंद ठेवतात. आमच्या स्वस्तातल्या स्विचमध्ये तो नाही.

"सर, परत खोचून बघू?" त्या मुलीने विचारलं. ऑफिसला सांगून दोन मिनिटं मागून घेतली. पिंग चालू ठेवून तिने वायर खोचली. काही सेकंदांत दिवे एका तालात, आणि पडद्यावर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळींवर ओळी. उपसली, उत्तरं सुरू. मुलांनी हे तीनदा करायला लावलं.

शेवटी मामा चिकटपट्टी घेऊन आले, आणि त्या मुलीने प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर लावले.