मडगार्डची कड वळवणे आणि ओढणे: आधी मोजमाप, मग रोलर

गाडी ३०-४० मिलिमीटर खाली बसवली, रुंद अलॉय टाकले, मागे तिघे बसवून तुळजापूरला निघालात की सोलापुरातला जुना तुळजापूर नाका ओलांडायच्या आतच मागून 'खर्र' ऐकू येते. मग डेंटिंगवाल्याकडे जाऊन 'ओढ बे बाहेर' सांगायचे, हा नेहमीचा क्रम. बहुतेक गाड्यांना ओढण्याची गरजच नसते. आतली कड वळवली की काम भागते, आणि ती नेमकी कुठे आणि किती वळवायची हे मोजल्याशिवाय कळत नाही.

टायर कुठे घासतो ते आधी शोधा. मडगार्डच्या चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेवर चकचकीत रेघ असेल आणि टायरच्या खांद्यावर तशीच खूण असेल, तर ते कड वळवून सुटणारे काम आहे. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर प्लॅस्टिक लायनर घासत असेल, किंवा टायर आतून स्प्रिंगच्या बैठकीला लागत असेल, तर कड दाबून वळवणाऱ्या रोलरचा काही उपयोग नाही. तिथे ऑफसेट (चाक हबवर बसते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते) किंवा टायरचा साईज चुकलेला असतो.

ऑफसेटचा हिशेब सोपा आहे. समजा कंपनीचे चाक १५×६ ईटी ४५ आहे (इंचात व्यास × रुंदी, ईटी म्हणजे ऑफसेट) आणि तुम्ही १६×७ ईटी ३८ घेताय. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणजे चाक तेवढे बाहेर सरकले. एकूण चाकाची बाहेरची कड १९.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली ५.७ मिलिमीटर आत गेली. व्यासाचे म्हणाल तर १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/५५ आर १६ बसवला तर फरक मिलिमीटरच्या आतबाहेरच राहतो, म्हणजे उंचीची काळजी नाही. भांडण फक्त रुंदीचे.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्ट्रट असतो. गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकतो, म्हणून पुढे बऱ्याचदा आपोआप निभावते. मागे, आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा दांडा, असतो. त्यात कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जवळपास बदलत नाही, आणि वजन पडते तेही मागेच. त्यामुळे त्रास मागच्या कमानीत होतो आणि नेमकी तीच कमान वळवायला अवघड असते.

कारण पत्रा. पुढचे मडगार्ड बोल्टवर बसवलेला एकेरी पत्रा आहे. बिघडले तर बदलता येते. मागची कमान मात्र बॉडीचाच भाग. बाहेरचा पत्रा आणि आतल्या चाकघराचा पत्रा कडेवर एकत्र येऊन स्पॉट वेल्ड झालेले असतात आणि सांध्यात सीलंट भरलेला असतो. जाडी दुप्पट, सीलंट तडकण्याची भीती, आणि चुकले तर बदलायची सोय नाही. मागची कड सपाट चिकटवण्याचा हट्ट धरू नये. सुमारे ६० अंश वळली आणि टायरला जागा मिळाली की तिथेच थांबावे.

क्रमही महत्त्वाचा. आधी स्प्रिंग बसवून काहीशे किलोमीटर चालवा, म्हणजे गाडी आपल्या उंचीवर बसते. मग अलाइनमेंट करा, कारण कॅम्बर बदलला की चाकाचा वरचा भाग सरकतो. त्यानंतरच मोजा. कापलेल्या स्प्रिंगवर हे मोजमाप करण्यात अर्थ नाही, कारण पूर्ण उचलल्यावर तसली स्प्रिंग बैठकीतून सैल होते आणि धक्क्यात कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

मोजण्याची खात्रीशीर पद्धत अशी: गाडी स्टँडवर घ्या, त्या चाकाची स्प्रिंग काढा, चाक लावून हबखाली जॅक लावा आणि बंप स्टॉपला (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत हळूहळू उचला. पुढच्या चाकाला या उंचीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवून बघा. टायर आणि पत्र्यात निदान ५ मिलिमीटर मोकळे हवेत, कारण वळणावर बुश दबतात आणि टायरही वाकतो. स्प्रिंग काढणे जमत नसेल तर कडेवर खडू लावा, गाडी पूर्ण भरा आणि स्पीडब्रेकरवरून हळू न्या. खडू पुसला तिथे घासते.

आता काम. चाक काढा, लायनरचे स्क्रू आणि क्लिपा काढा, कडेमागची सगळी माती खरवडा. सोलापूरची काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि रोलरखाली आली की रंगात खड्डे पाडते. कडेवर कंपनीचा जाड अंडरकोट असेल तर तोही काढा. एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकची होज बाजूला बांधून ठेवा. मागे बंपर जिथे कमानीला मिळतो तिथे स्क्रूची पट्टी कडेवर असते. ती आधी सोडवा, नाहीतर बंपरचे प्लॅस्टिक फाटते.

रोलर हबला नटांनी आवळतात. तुमच्या गाडीचा पीसीडी, म्हणजे नटांच्या छिद्रांची मांडणी, उदाहरणार्थ ४×१००, रोलरच्या प्लेटला जुळतो का ते आधी बघा. हाताची लांबी अशी लावा की प्लॅस्टिकचे चाक कमानीच्या वळणावर पूर्ण फिरेल आणि सुरुवातीला कडेला साधारण ४५ अंशांत टेकेल. मग हीट गन. १५-२० सेंटिमीटरवरून सतत हलती ठेवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रंगाचे तापमान ६०-७० अंश सेल्सिअस ठेवा. थंड रंग कडेवर तडकतो. जास्त तापवला तर फुगतो आणि जवळचा बंपर मऊ पडून वेडावाकडा होतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्रा आधीच तापलेला असल्याने उष्णता लवकर सारखी पसरते. डिसेंबरच्या सकाळी तेच काम जास्त वेळ घेते. गाडी उन्हातच उभी करून 'तापली की' म्हणणे मात्र चालणार नाही. ऊन बाहेरच्या पृष्ठभागाला लागते, वळायची असते ती कड सावलीत असते.

पेट्रोलच्या झाकणाच्या बाजूला ज्योत वापरू नका. फक्त हीट गन, आणि तीही पाइपापासून दूर.

आता मधून सुरुवात करा. घड्याळाच्या भाषेत १० ते २ हा भाग महत्त्वाचा, बाकी ठिकाणी कडेचे वळण हळूहळू कमी होत गेले पाहिजे. दर फेरीला रोलर पाव वळणच आवळा, मागेपुढे फिरवा, परत तापवा, परत आवळा. एका कमानीला पाऊण-एक तास लागतो. दुसरा हात बाहेरून पत्र्यावर ठेवा. हाताखाली लाट जाणवली तर दाब जास्त झालाय. हातोडी मारण्याची किंवा टायर आणि कमानीत बॅट घालून गाडी मागेपुढे ढकलण्याची जुनी युक्ती आहे. त्यात दाब एका ठिकाणी बसतो आणि पत्र्यावर खळगे पडतात. दहा मिनिटांत होते, पण नंतर लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरून रंग मारावा लागतो.

लांबीवरून आठवले, काम सुरू करण्याआधी कमानीवर चुंबक फिरवून बघा. एखाद्या ठिकाणी पकड ढिली पडली तर खाली जुन्या अपघाताची लांबी आहे आणि रोलरने ती हमखास सुटेल. अजिबात चिकटले नाही तर मडगार्ड प्लॅस्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आहे. तिथे ही पद्धत वापरायची नाही.

ओढणे म्हणजे कड वळल्यावर रोलरच्या हाताला बाहेरच्या दिशेने झुकवून पत्राच पुढे आणणे. दर फेरीला १-२ मिलिमीटर. कंपनीच्या रंगावर ५-८ मिलिमीटरपर्यंत बऱ्याचदा निभावते. १० च्या पुढे गेलात की वरच्या बॉडी लाइनमध्ये घडी पडण्याची शक्यता वाढते आणि रंगाचा खर्च धरूनच चालावे. दोन्ही बाजू सारख्या ठेवायला डोळ्यावर भरवसा नको. हबपासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर तीन-चार ठिकाणी मास्किंग टेपवर लिहून ठेवा आणि दर दोन फेऱ्यांनी मोजा. अनेक हॅचबॅकमध्ये मागचे दार कमानीत थोडे शिरते. दाराच्या कडेचा पत्रा आधीच दुमडलेला असतो, तो वळवायला गेलात की दुमड फुटते. तिथे टायरचा साईज कमी करणे शहाणपणाचे.

कड वळवली तर बाहेरून काही दिसत नाही, पण ओढलेले मडगार्ड आणि बाहेर आलेला टायर लपत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेविरुद्धच्या बदलांवर कडक भूमिका घेतली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीत आणतो. टायर कमानीच्या आत राहील असाच साईज निवडा.

काम झाल्यावर टॉर्च लावून कड नखाने तपासा. केसाएवढा तडा असला तरी गंज तिथूनच सुरू होतो. उघडा पत्रा असेल तिथे इपॉक्सी प्रायमर, मागच्या सांध्यात पीयू सीलंट, वर अंडरबॉडी कोट, हे सगळे पहिल्या पावसाआधी उरकून घ्या. वळलेल्या कडेमागे एक खाच तयार होते आणि काळी माती तिथे ओली राहून बसते. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी कमानीत आतून पाण्याचा जोरदार फवारा मारा, आणि लायनर परत लावताना खालचे पाणी निघण्याचे छिद्र सीलंटने बुजले नाही ना, ते बघा.