स्पॅनिशच्या तासाला आधी गोष्ट, मग गाणे

मुंबईतल्या ज्या शाळांत पाचवी-सहावीपासून फ्रेंच, जर्मनच्या जोडीने स्पॅनिशचाही पर्याय असतो, तेथे पहिल्या तासाला बहुधा गाणे लावले जाते. मुले खुलतात, वर्ग दणाणून जातो आणि काहीतरी शिकवले गेल्याचे समाधान सगळ्यांनाच मिळते. गाणी मलाही प्रिय आहेत, परंतु गाणे गोष्टीच्या नंतर यावे, आधी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

गाण्याचा लाभ खरा आहे. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी हंगेरियन भाषेचा गंधही नसलेल्या प्रौढांना त्या भाषेतील छोटी वाक्ये नुसती बोलून, ठेक्यात म्हणून किंवा गाऊन शिकवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, पंधरा मिनिटांच्या सरावानंतर, वाक्ये आठवून म्हणण्यात गाणारा गट सरस ठरला. पण आठवणे म्हणजे समजणे नव्हे. लहानपणी आपण भोंडल्याची गाणी फेर धरून तोंडपाठ म्हटली, तरी त्यांतल्या कित्येक ओळींचा अर्थ आपल्याला आजही सांगता येत नाही. स्पॅनिशमध्ये आणखी एक अडचण आहे. ‘आब्लो’ या क्रियापदरूपात पहिल्या अक्षरावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, दिला की ‘मी बोलतो’ असा अर्थ होतो आणि शेवटच्या अक्षरावर दिला की ‘तो बोलला’ असा. गाण्याची चाल मात्र आघात स्वतःच्या सोयीने हलवते, आणि ज्या मुलाने तो शब्द बोलण्यात कधी ऐकलेलाच नाही, त्याच्या कानात हलवलेला आघातच पक्का बसतो.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ च्या सुमारास जे सविस्तर मांडले, त्याचा गाभा असा की नियम शिकणे आणि भाषा आत्मसात होणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि दुसरी घडते ती कळेल असे, पण सध्याच्या पातळीच्या किंचित पुढचे, भरपूर ऐकल्या-वाचल्याने. अमेरिकेतील स्पॅनिश शिक्षक ब्लेन रे यांनी याच विचारातून वर्गात गोष्ट ‘विचारत विचारत’ रचण्याची पद्धत घडवली, आणि माझा वर्ग तिच्यावरच चालतो. फळ्यावर तीनच क्रियापदे अर्थासह लिहिलेली असतात: किएरे, तिएने, बा, म्हणजे हवे आहे, जवळ आहे, जाते. ‘मीरा किएरे उन वडापाव,’ असे मी म्हणते आणि मग प्रश्न सुरू होतात: मीराला समोसा हवा आहे का? वडापाव कोणाला हवा आहे? तिच्याजवळ पैसे आहेत का? मीरा लोकलने दादरला निघते, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडते, ‘नो, बा आ कुर्ला!’, कारण फास्ट गाडीच्या गर्दीत तिला दादरला उतरताच आलेले नसते. वर्ग हसतो, मीरा कुर्ल्याला जाते आणि ‘बा’ हे क्रियापद, कोणालाही पाठ करायला न लावता, पुन्हा पुन्हा अर्थासह कानावर पडते.

मराठी मुलांना येथे एक मोठा आधार आहे आणि इंग्रजी माध्यमात तो वाया जातो, याचे मला फार वाईट वाटते. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्याची रचना ‘मला आंबा आवडतो’ यासारखीच आहे, कारण दोन्हींत क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. इंग्रजीतून विचार करणारे मूल ‘आय लाइक’च्या धर्तीवर ‘यो गुस्तो’ म्हणते. मराठी वाक्य शेजारी लिहिले की तेच मूल स्वतःहून दुरुस्ती करते.

गोष्ट अशी दोन-तीन तास मुरली की त्याच क्रियापदांचे गाणे मी आणते. तेव्हा मुले अर्थासकट गातात आणि एकट्याने बोलायला बिचकणारी मुलगीही समूहात मोकळी होते.

एवढ्याने बोलणे पुरेसे घडत नाही, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी कॅनडातील इंग्रजीभाषक मुलांच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांच्या आधारे १९८५ मध्ये दाखवले: वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून मुलांना ती उत्तम समजत होती, पण बोलण्यात व्याकरणाच्या चुका टिकून होत्या. म्हणून शेवटी प्रत्येक जोडीने मीराची गोष्ट शेवट बदलून सांगायची असते. क्रियापदांचे तक्ते त्यानंतर येतात, कारण परीक्षेत ते विचारले जातात आणि एव्हाना त्यांतली निम्मी रूपे मुलांच्या ओळखीची झालेली असतात.

सध्या मी सातवीसाठी भूतकाळाची गोष्ट रचत आहे. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन मुख्य रूपे आहेत, एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीसाठी आणि दुसरे घडून संपलेल्या घटनेसाठी. मीरा रोज दादरला जात असे, ‘इबा’. एके दिवशी तिची गाडी चुकली, ‘पेर्दिओ’. पुढे काय झाले ते वर्गच ठरवील.